साचलेले पैसे

सहा वर्षे रोजची मोड टाकून भरलेला मातीचा गल्ला मी परवा फोडला आणि मोठ्या दिमाखाने बँकेत गेलो. "एवढी चिल्लर मोजायला आमच्याकडे माणूस नाही, शंभर-शंभरच्या पुड्या करून आणा," असे रोखपालबाईंनी पिशवीकडे न बघताच सांगितले. थेंबे थेंबे तळे साचे हे लहानपणी सगळ्यांनीच ऐकवले होते, परंतु ते तळे उपसायचे कुठे, हे एकानेही सांगितले नव्हते.

बाकावर बसून पुड्या करू लागलो, तर शेजारचे काका आपणहून मदतीला सरसावले. पासबुक भरून घ्यायला आलेल्या या गृहस्थांना दुसरे काहीच काम नसावे. त्यांनी दहाचे नाणे उचलले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाण्यावरच्या रेषा मोठ्याने मोजल्या. "पंधरा! हे खोटं. दहा रेषांचंच खरं." दहाच्या नाण्याचे चौदा नमुने चलनात असून सगळे वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच जाहीर केले आहे, हे मी सांगितले, त्यावर "त्यांना काय जातंय सांगायला!" असे म्हणून त्यांनी खऱ्या-खोट्यांचे दोन ढीग केले. मग चार आण्यांची तीन नाणी निघाली. ती 30 जून 2011 पासून चालत नाहीत, याचा मात्र त्यांना विलक्षण आनंद झाला. "त्यापेक्षा पिग्मी लावायची होती हो! 1928 साली उडुपीला लोक रोज दोन-दोन आणे भरायचे, बँकेचा माणूस दारात यायचा. तुमचं सहा वर्षांचं व्याज बुडालं की!" या बोलण्यात त्यांची मोजणी चारदा चुकली आणि माझी पाचदा.

मराठीत पैसे साठतात. साचतात ते पाणी, धूळ आणि राहिलेली कामे. माझे पैसे साचले होते, हे त्या बाकावर उमगले. वास्तविक नाणी स्वीकारण्याच्या सूचना रिझर्व्ह बँक वारंवार देते, टांकसाळीत नाणी पाडते ते सरकारच. तरीही ती खिडकीतून आत सरकवू पाहणारा माणूस तेवढा भिकाऱ्यासारखा दिसतो, याचा राग अजून गेलेला नाही.

अकरावी पुडी बांधेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद झाली. काका पासबुक न भरताच निघून गेले. जाताना पार्किंगला लागतील म्हणून 'खोट्या' ढिगातली दोन नाणी मागून घेऊन गेले.

पिशवी आता स्वयंपाकघराच्या दाराआड आहे. काल दूधवाल्याने परत दिलेले दोन रुपये मी सवयीने तिच्यातच टाकले.