पायवाटेची मजुरी कोण देणार?

जून उजाडला की महाराष्ट्रात पावसापाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश येतात. धबधबे, धरणांच्या भिंती, काही किल्ले, घाटातली वळणं अशी यादी निघते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी 15 जूनला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. दोन्ही वेळा तोच वाद पेटला. एक बाजू म्हणते, सगळं बंद करा. दुसरी विचारते, सह्याद्रीत जायला परवानगी कशाला हवी? जुलै 2025 मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि या वादाला आणखी धार चढली.

आयर्लंडमध्ये राहून हे वाचताना एक गोष्ट फार खटकते. भांडण सगळं प्रवेशाचं आहे. ज्या वाटेनं माणसं चढतात, त्या वाटेची निगा कोण राखतं आणि त्याचे पैसे कुठून येतात, हा प्रश्न त्यात येतच नाही.

इथे सुट्टीवर येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना वाटतं, हिरवे डोंगर दिसले की चालत सुटावं. स्कॉटलंडमध्ये तसा कायदेशीर हक्क आहे, आयर्लंडमध्ये नाही. बरेचसे डोंगरउतार शेतकऱ्यांच्या खासगी किंवा सामाईक मालकीचे आहेत, त्यावर मेंढ्या चरतात आणि आपण चालतो ते मालकाच्या संमतीनं. म्हणून फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. कुलूप असेल आणि चढावंच लागलं, तर बिजागरीच्या बाजूनं चढायचं. कडीच्या बाजूला भार दिला की फाटक खाली लोंबतं आणि पुढे लागेनासं होतं. कोकरांच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते मे, कुत्रा बरोबर नेऊच नये. या बारीकसारीक गोष्टी पाळल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी ती वाट बंद झालेली दिसते आणि शेतकऱ्याला दोष देता येत नाही.

ही संमती टिकावी म्हणून सरकारनं 2008 मध्ये एक योजना आणली. खुणा केलेली वाट ज्याच्या शेतातून जाते, त्याला आपल्या हद्दीतला तुकडा राखण्याच्या कामाचे पैसे मिळतात: गवत कापणं, चर मोकळे करणं, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या दुरुस्त करणं, पिवळा बाण आणि चालणारा माणूस रंगवलेले खांब सरळ उभे ठेवणं. पैसे जमिनीवरून जाऊ देण्याचे नाहीत, कामाचे आहेत. मला यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांच्या गर्दीतून पार्किंग आणि वडापावापलीकडचं काही मिळायचं असेल, तर ते असं मिळावं.

निगा म्हणजे काय, हे क्रोघ पॅट्रिकवर नीट बघता येतं. मेयो परगण्यातला हा 764 मीटरचा डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू, काही अनवाणी, तो चढतात. इतक्या पायांखाली माथ्याजवळची वाट निव्वळ घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा घसरडा उतार, झाली होती आणि जो तो कडेकडेनं चालल्यामुळे रुंद होत चालली होती. गेल्या काही वर्षांत तिथे दगडी बांधणी झाली, सिमेंटशिवाय. डोंगरावरचेच मोठे दगड घेऊन बराचसा भाग जमिनीत पुरायचा, सपाट तोंड वर ठेवायचं, फटींत छोटे दगड ठोकून बसवायचे. मध्ये मध्ये वाटेला तिरका दगडी चर, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता बाजूला निघून जातं. पायवाट मुख्यतः पाण्यानं मरते. माणसांचे पाय गवत उखडून त्याला फक्त तोंड करून देतात. आपल्याकडे गडवाटेवर सिमेंटच्या पायऱ्या ओततात तेव्हा पाणी पायरीखालून जागा शोधतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायरी पोकळ होऊन तुटते.

केरीतलं कॅरनटूहिल, 1,039 मीटर, हे देशातलं सर्वोच्च शिखर. क्रोनिन्स यार्डहून जाऊन-येऊन साधारण 12 किलोमीटर. चालायला तासाला 5 किलोमीटर आणि दर 100 मीटर चढाईला 10 मिनिटं जादा, असा हिशोब धरला तर चार तास होतात. थांबे आणि दगडगोटे धरून सहा ठेवावेत. नेहमीची वाट ‘डेव्हिल्स लॅडर’ नावाच्या नाळेतून, म्हणजे दोन उतारांमधल्या उभ्या घळीतून, जाते. आपल्या नाळांसारखीच ही घसाऱ्याची. वरच्या माणसाच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या डोक्यावर येतो. उतरताना ती टाळून खिंडीतून शेजारचा नॉक ना टिना हा डोंगर ओलांडावा आणि ‘झिगझॅग’च्या वाटेनं खाली यावं. लांब पडतं, पण पायाखाली जमीन राहते. माथ्यावर धुकं आलं, तर ईशान्येला सरळ कडा आहे, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच.

सह्याद्रीत पावसात भिजणं ही मजा असते. इथे तीच सवय जिवावर बेतू शकते. दहा अंश तापमान, वारा आणि अंगाला चिकटलेली ओली जीन्स, एवढं भर जुलैमध्येही शरीर गारठून बोलणं अडखळायला पुरतं. सुती काहीही नको. जलरोधक जाकीट आणि वरून घालायची पँट, दोन्ही हवीत. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत चकचकीत हिरवं शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकू नये, हेदरच्या झुडपांवरून जावं. अडचण आली तर 112 किंवा 999 फिरवून ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखेच.

डोंगर नको असेल, तर वेस्टपोर्ट ते अकिल हा जुन्या रेल्वेमार्गावरचा 42 किलोमीटरचा सायकलमार्ग उत्तम. भाड्याच्या सायकलवाल्यांच्या गाडीनं आधी पश्चिम टोकाच्या अकिलला जावं आणि तिथून सायकलनं परत यावं. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर.

इथे बंदी नसते असं मात्र नाही. स्केलिग मायकल या बेटावर दिवसाला फक्त 180 माणसं उतरू देतात, तीही साधारण मे मध्य ते सप्टेंबर. समुद्रकाठच्या मोहेरच्या कड्यांवरची वाट 2024 मध्ये मृत्यू झाल्यावर काही टप्प्यांत बंद करावी लागली. ‘विकलो वे’ या डोंगरवाटेवरच्या फळीवाटेवर पडलेल्या एका महिलेला कनिष्ठ न्यायालयानं 2016 मध्ये 40,000 युरो भरपाई दिली, तेव्हा आता सगळे डोंगर बंद होणार अशी भीती पसरली. 2017 मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: डोंगरात चालणाऱ्यानं आपली काळजी आपण घ्यायची. कायद्याची ही स्पष्टता आपल्याकडे हवी. अपघात झाला की कुणाला तरी जबाबदार धरलं जाणार, या धास्तीनं अधिकारी बंदीचा कागद काढतो आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल.

पन्नास लाखांच्या देशाची घडी पुण्या-मुंबईच्या रविवारच्या गर्दीला जशीच्या तशी बसणार नाही, हे मान्य. पण सांगाडा आपल्याकडे आहे. कास पठारावर गावांची समिती प्रवेशशुल्क घेते, माणसं मोजते. अशी शुल्कं इतरही ठिकाणी घेतली जातात. त्यातला ठरावीक वाटा वाटेवरच खर्च व्हावा आणि मजुरी त्याच गावातल्या माणसांना मिळावी: मे महिन्यात तिरके चर काढायचे, सुटलेले दगड पुन्हा बसवायचे, शिड्यांचे बोल्ट आवळायचे. पायथ्याच्या फलकावर अंतर, चढाई, लागणारा वेळ, ओढ्याला पाणी कुठवर आलं की परत फिरायचं ती खूण आणि बचाव पथकाचा क्रमांक लिहायचा. एवढं केल्यावरही एखाद्या आठवड्यात वाट बंद ठेवावी लागली, तर का बंद आहे आणि कधी उघडेल, तेही त्याच फलकावर यावं.