वृद्धाश्रमाचं वीजबिल आणि सोलरची भीती घालणारा तो मेसेज

परवा रात्री ताईचा फोन आला. ती एका वृद्धाश्रमाचे हिशोब बघते. छतावर सोलर बसवायचा ठराव बऱ्याच चर्चेनंतर मंजुरीला आला होता. ऐन बैठकीत एका विश्वस्तांनी मोबाइलवरचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला आणि ठराव पुढे ढकलला गेला. हाच मेसेज मला पंधरा दिवसांत चार ग्रुपवर आलाय. ‘सेवाभावी संस्थांनो, सोलरच्या जाळ्यात अडकू नका.’ त्यातलं म्हणणं असं: पॅनलमधून घातक किरणं निघतात, म्हणून त्याखाली वृद्ध, आजारी माणसं, मुलं ठेवू नयेत. पॅनल पाच-सात वर्षांत निकामी होतात. करसवलत कंपन्यांना मिळते, संस्थांच्या वाट्याला तोटा. वीज गेली की सोलरही बंद. देणगीचा पैसा माणसांवर खर्च करावा, यंत्रांवर नाही. आणि शेवटी सल्ला, ‘त्यापेक्षा डिझेल जनरेटर भरवशाचा.’

किरणांपासून सुरुवात करते, कारण ताईकडच्या दोन आजींनी आत्ताच खोली बदलून मागितली आहे. छतावर अजून एक पॅनलसुद्धा चढलेलं नाही!

पॅनल प्रकाश आत घेतं. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन सरकतात आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह मिळतो. एवढंच घडतं. काही जळत नाही, क्ष-किरणांसारखं काही बाहेर पडत नाही. उन्हात पॅनल तापतं, पण तसा पत्राही तापतो. उलट पॅनलच्या सावलीमुळे खालचा स्लॅब कमी तापतो. ही डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरभोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं, हे खरं. ते फ्रिज, पंखा, मिक्सर यांच्याभोवतीही असतं. पेशींमधले रेणू तोडण्याइतकी ताकद त्यात नसते आणि चार पावलं लांब गेलं की ते जवळजवळ उरत नाही.

आणि याच माणसांनी सुचवलाय डिझेल जनरेटर! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याबाबत आहे, अशा गोष्टींचा हा गट. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्यातच आहेत. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, एवढं मान्य. तरी दम्याच्या, हृदयविकाराच्या माणसांच्या खिडकीबाहेर तो धूर सोडायचा आणि छतावरच्या पॅनलला घाबरायचं, हे मला सहन होत नाही. ज्याने हे लिहिलं त्याला त्या आजींची झोप उडवायचा काहीएक अधिकार नव्हता.

पाच-सात वर्षांचं आयुष्य? अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी पॅनलच्या ऱ्हासाची जवळपास २००० मोजमापं एकत्र करून तपासली. मध्यक, म्हणजे सगळ्यांच्या मधोमध येणारा आकडा, निघाला वर्षाला अर्धा टक्का. त्या हिशोबाने २५ वर्षांनंतरही मूळ क्षमतेच्या सुमारे ८८ टक्के शिल्लक राहते. मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागतो, तो खर्च आधीच धरून ठेवायचा.

करसवलतीचा मुद्दा अर्धा खरा आहे. संस्था प्राप्तिकर भरतच नसेल तर करातली सूट तिच्या काय कामाची? पण म्हणून तोटाच, हे कुठून आलं? बिल कमी होतंच. शिवाय दुसरी वाट आहे: कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनल बसवते, मालकी आणि करसवलत स्वतःकडे ठेवते आणि संस्थेला ठरलेल्या दराने युनिट विकते. संस्थेचं फक्त छत. अशा करारात दरवाढीचं कलम आणि मुदत नीट वाचावी लागते, नाहीतर फसगत होते.

वीज गेली की सोलर बंद, हेही नाइलाजाने मान्य करते. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच मुद्दाम थांबतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला उलट दिशेने वीज जाऊन शॉक बसू नये म्हणून. ऑक्सिजनचं यंत्र आणि रात्रीचे दिवे चालू ठेवायचे तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचे पैसे वेगळे पडतात. हे न सांगता सोलर गळ्यात मारणारे विक्रेतेही आहेत.

आता ‘देणगीचा पैसा माणसांवर खर्च करा’. ऐकायला किती चांगलं! ज्याने संस्था चालवली आहे त्याला विचारा. पलंग मिळतात, चादरी मिळतात, नाव कोरायला मिळालं तर खोलीही बांधून मिळते. वीजबिल भरायला देणगीदार मिळत नाही. ते दर महिन्याला येतं, आणि औषधांच्या, काळजीवाहकांच्या पगाराच्या पैशांतून भरावं लागतं. ताईने गेल्या वर्षी रात्रपाळीची एक बाई कमी केली, ती याच ओढाताणीत. पॅनल ही एकदाच मागता येणारी, देणगीदाराला दाखवता येणारी वस्तू आहे, आणि त्या एका देणगीतून बिलाचा मोठा भाग वर्षानुवर्षं उतरतो. पंप, धुलाई, स्वयंपाकघर दिवसाच चालतं, म्हणजे वीज तयार होते तेव्हाच वापरली जाते. वाचलेला पैसा माणसांवरच जातो की!

ठराव पुढच्या बैठकीत परत येणार आहे. ताईला सांगितलंय, बारा महिन्यांची बिलं काढून ठेव, छताची गळती आधी तपासून घे, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते सकाळ-दुपार-संध्याकाळ बघ, आणि वीज गेल्यावर नेमकं काय काय चालू राहील ते विक्रेत्याकडून लेखी घे. आणि बैठकीआधी त्या दोन आजींजवळ जाऊन बस.