पाच तारे कुणाला देऊ?

दुपारी मेसेज आला. ताडोब्याला मागच्या आठवड्यात ज्या रिसॉर्टवर राहिलो, त्यांचा. 'आमचा निसर्गस्नेही पाहुणचार कसा वाटला? पाच तारे नक्की द्या!' तेव्हापासून डोकं फिरलंय. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होत असेल असं मला वाटत नाही.

बाथरूममध्ये पाटी होती, टॉवेल रोज धुवायला टाकू नका. पाणी काचेच्या बाटल्यांत. छपरावर सोलर. सगळं छान. आणि खोलीच्या दारावर लाल अक्षरांत आणखी एक पाटी: 'परिसरात वाघाचा वावर आहे. अंधार पडल्यावर एकटे बाहेर पडू नका, रिसेप्शनला फोन करा.' आम्ही फोन करायचो. मोठी बॅटरी घेऊन एक मुलगा यायचा आणि शंभर पावलांवरच्या जेवणघरापर्यंत सोडायचा.

दुसऱ्या रात्री जेवून परतताना आमची खोली आवरणाऱ्या ताई गेटपाशी दिसल्या. खांद्याला डब्याची पिशवी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रबर बँड गुंडाळलेली छोटी बॅटरी. गाव दोन किलोमीटर, रस्ता बांबूच्या रानातून. म्हटलं, गाडी नाही का?

"गाडी पाव्हण्यांसाठी असते जी. वाघ दिसते कधीमधी. तो आपल्या वाटेनं जाते, आमी आपल्या."

मागे अंगणात सफारीच्या तीन जिप्सी गाड्या उभ्या होत्या.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याला शंभर पावलांना सोबत आणि तिला दोन किलोमीटर काठी? हा पाहुणचार कुणाच्या जिवावर चाललाय? चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायकांचा जीव गेला. पोटासाठी जंगलात शिरावंच लागतं, त्याला लगेच उपाय नाही, मान्य. पण रात्री दहाला सुटणाऱ्या बाईला घरी सोडायला काय लागतं? एक ड्रायव्हर आणि अर्धा लिटर पेट्रोल. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "स्टाफ लोकल आहे मॅडम, त्यांना सवय असते." सवय! वाघाची सवय होते का कुणाला?

हो, रिसॉर्ट आले म्हणून गावात पगार आला, नाहीतर मिरची तोडायला तेलंगणात जावं लागतं. ताईच म्हणाल्या तसं. ठीक आहे. म्हणून काय वाट्टेल तसं राबवायचं?

आणि चांगलं होऊ शकतं हेही तिथेच पाहिलं. बफरच्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, सफारीला आमची गाइड जवळच्याच गावातली पोरगी होती, विशीतली. ऐनाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे तिनेच दाखवले, चितळाचा धोक्याचा कॉल ऐकून गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं कुणाला बोलू दिलं नाही. वाघ आलाच नाही. तरी माझ्यासाठी ती सकाळ सगळ्यात सुंदर. हे जंगल तिचं आहे, हे तिच्या आवाजात कळत होतं. ताडोबा हे नावच मुळी तिथल्या आदिवासींच्या तारू देवावरून आलंय. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. ही माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. कोअरमधली, म्हणजे गाभ्याच्या जंगलातली, काही गावं वाघासाठी उठून बाहेरही आली. त्यांनी एवढं सोडलं आणि आपण एक गाडी सोडू शकत नाही?

तुम्ही सगळे जंगलावर जीव लावणारे आहात, म्हणून सांगते. पुढचं बुकिंग करताना सोलर आहे का, प्लास्टिक आहे का हे विचाराच. पण आधी विचारा, रात्री तुमचा स्टाफ घरी कसा जातो? दहा जणांनी फोनवर विचारलं तरी गाडी सुरू होईल, मला खात्री आहे.

मी तारे दिले नाहीत. त्या रकान्यात लिहिलं, 'रात्री दहाची गाडी कधीपासून सुरू करताय?' उत्तर आलेलं नाही. आत्ता पावणेदहा झालेत, ताई निघायच्या तयारीत असतील.