खुर्ची राहू द्या, आधी जीव महत्त्वाचा?

पुरातून सुटका करणारे पथक व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला उचलून बोटीत ठेवते आणि ‘खुर्ची राहू द्या, आधी जीव महत्त्वाचा’ असे म्हणते, तेव्हा त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. परंतु मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना कमरेखाली संवेदनाच नसते; खुर्चीतली अंगाखालची गादी मागे राहिली, की निवारा केंद्रातल्या कडक फरशीवर काही तासांतच त्यांच्या कातडीला शय्याव्रण (सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) होऊ लागतात आणि स्वच्छतागृहापर्यंत जायचे तरी दरवेळी कुणाची तरी विनवणी करावी लागते. ती खुर्ची सामानात मोजायची नाही, हे बोट पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असायला हवे.

14 जुलै 2021 च्या रात्री जर्मनीत आर नदीला महापूर आला, तेव्हा झिन्झिग येथील अपंगांच्या निवासगृहात तळमजल्यावरचे 12 रहिवासी बुडून मरण पावले. रात्रपाळीला एकच कर्मचारी होता. अशा वेळी आपण नदीला दोष देतो; मला मात्र प्रश्न पडतो तो त्या एका माणसाच्या भरवशावर रात्र काढणाऱ्या व्यवस्थेचा. (‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, यावर आपण घातलेल्या वादाच्या निम्मी शक्ती जरी अशा प्रश्नांवर खर्च झाली असती, तरी पुष्कळ झाले असते.)

उष्णतेची लाट तर आवाजही करत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीत इजेच्या खालच्या भागाला घाम येणे कमी होते किंवा थांबते, आणि काही मनोविकारांवरील औषधांमुळेही शरीराला उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2021 च्या लाटेत 619 जण दगावले, त्यांत स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार असलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून कितीतरी जास्त होते. ‘भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका’ ही सूचना त्यांच्यापैकी किती जणांच्या उपयोगाची होती?

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातील कलम 11 ने आपत्तीतील संरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे. तरीही रंगीत तालमीत अपंग व्यक्तीची भूमिका बहुधा एखादा धडधाकट स्वयंसेवकच स्ट्रेचरवर पडून वठवतो. त्याऐवजी खऱ्या कर्णबधिर माणसाला भोंगा वाजल्यावर काय कळले ते विचारावे, आणि ज्याचा श्वास विजेवरच्या यंत्रावर चालतो त्याच्याकडून वीज गेल्यावर बॅटरी किती तास पुरते, हे आराखडा लिहायला बसण्यापूर्वीच समजून घ्यावे.