आईनं सही खोडली, त्या मेसेजबद्दल

आमच्या रस्त्यावर गतिरोधक आणि उंच झेब्रा क्रॉसिंग हवं, या अर्जावर आईनं रविवारी सही केली. बुधवारी म्हणाली, "माझं नाव काढ बाबा. आपल्यामुळे कोणाची अँब्युलन्स अडकली तर पाप लागायचं." मामाजींनी तिला तो मेसेज पाठवला होता. "जागे व्हा नागपूरकर" असं सुरू होणारा, लाल भोंग्यांच्या चित्रांचा. तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. म्हणणं असं: सुप्रीम कोर्टानं देशातले सगळे गतिरोधक बेकायदेशीर ठरवलेत, त्यांच्यामुळे अँब्युलन्स अडकून पेशंट दगावतात, मणके जातात, पेट्रोल जळतं. आणि शेवटी, "अपघात वेगामुळे होत नाहीत, न बघता रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यांमुळे होतात."

हे शेवटचं वाक्य माझ्या बहात्तर वर्षांच्या आईला तिच्याच भावानं फॉरवर्ड केलं. म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

आई रोज सकाळी सहाला दुधाला जाते. दुभाजकाच्या फटीशी थांबते, पिशवी डाव्या हातात घेते, उजव्या हातानं पदर खोचते, आणि बघते. भरपूर बघते. आमचा रस्ता सिमेंटचा झाल्यापासून दुभाजकापासून कडेपर्यंतची एक बाजू सात मीटर आहे, मी टेपनं मोजली. तिला ती पार करायला आठ सेकंद लागतात. गुडघे तसेच आहेत, त्याला इलाज नाही. आता त्याच रस्त्यावरच्या गाड्या मोजू. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर तीस मीटर निघालं. पोहेवाल्याच्या बाकावर बसून मी मोबाइलवर वेळ लावली. पल्सरवरची पोरं ते तीस मीटर पावणेदोन-दोन सेकंदांत कापतात. म्हणजे ताशी साठच्या आसपास. साठच्या वेगानं आठ सेकंदांत गाडी १३३ मीटर येते. आणि आमच्याकडे वळण आहे शंभर मीटरवर!

म्हणजे आई निघते तेव्हा रस्ता खरोखरच रिकामा असतो. ती सगळं बघूनच निघते. जी गाडी तिच्या अंगावर येणार आहे ती वळणाच्या पलीकडे असते, अजून दिसायचीच असते. तीच गाडी तिशीनं आली तर आठ सेकंदांत ६७ मीटरच येईल. तोवर आई पलीकडे जाऊन दुधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत असेल. ब्रेकचंही तसंच. साठवर असलेल्याला गाडी पूर्ण थांबवायला पंचेचाळीस-पन्नास मीटर लागतात, तीसवर असलेल्याला अठरा-वीस. याला म्हाताऱ्यांचा बेशिस्तपणा म्हणता काय राजेहो? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या अपघातांत. रस्ते मंत्रालयाचा स्वतःचा आकडा आहे.

आता सुप्रीम कोर्ट. मेसेजमध्ये निकालाचा नंबर नाही, तारीख नाही. अर्धं खरं आहे ते एवढंच, की राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढा, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयानं २०१६ मध्ये सांगितलं होतं. महामार्गावर. वस्तीतून जाऊन रिंग रोडला मिळणाऱ्या आमच्या रस्त्याचा त्याच्याशी काय संबंध? देशातले रस्ते ज्यांच्या मापांवर बनतात त्या इंडियन रोड्स काँग्रेसचं याच विषयावर पुस्तक आहे, आयआरसी ९९. निवासी भागातले रस्ते, शाळा, दवाखाने यांच्याजवळ गतिरोधक चालतात, हे त्यात लिहिलंय. २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, ती तर अख्खी वाहतूक संथ करण्याच्या उपायांवरच आहे. बेकायदेशीर गोष्टीची मापं कोणी छापत बसतं का?

आणि ती मापंच महत्त्वाची आहेत. ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, वर काळे-पांढरे पट्टे, अलीकडे चाळीस मीटरवर सूचनेचा फलक. पंचविसाच्या वेगानं गाडी त्यावरून सहज जाते. आता इथे मला नाक मुठीत धरून कबूल करावं लागतं की मणक्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. कारण आपल्याकडे जे असतं ते हे नसतंच. कोणीतरी रात्रीतून डांबराचा ढीग टाकतो, हातभर रुंद नि वीतभर उंच. रंग नाही, फलक नाही. मागच्या गल्लीत असल्याच एका ढिगावरून मी स्वतः स्कूटरसकट आडवा झालोय. तसले ढीग खुशाल उखडा, मी कुदळ घेऊन येतो. पण आमच्या अर्जात मापासकट लिहिलंय काय हवं ते.

अँब्युलन्सचं तर मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आमचा पट्टा किलोमीटरभराचा. साठऐवजी चाळीसनं गेलं तरी तीस सेकंदांचा फरक पडतो. चौकात दोन्ही बाजूंना लावलेल्या कारांमुळे अँब्युलन्स किती वेळ उभी राहते ते मोजा एकदा. आणि तेवढे तीस सेकंदही नको असतील तर गतिरोधक तुकड्यांत करता येतो, अँब्युलन्सची लांब-लांब असलेली चाकं दोन्ही बाजूंच्या फटींतून जातात. पेट्रोलबद्दल मी बोलणार नाही. पोहे खायला चार किलोमीटर जाणारं आपलं शहर आहे.

मामाजींना हे सगळं मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी फक्त फॉरवर्ड केला ना बे."

अर्ज सोमवारी झोन ऑफिसात जातोय, एक प्रत वाहतूक पोलिसांना. तोवर पोहेवाल्याकडे गल्ल्याखाली ठेवलाय, तर्रीचे दोन डाग पडलेत त्याच्यावर. चौथ्या ओळीत आईचं खोडलेलं नाव आहे. सत्ताविसाव्या ओळीत पुन्हा आहे.