‘रोज एकटाच बाहेर काढा, दहा दिवसात घोडा सरळ होईल’ हे चुकीचं का आहे

घोडेवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: घोडा बुजतो कारण स्वार भित्रा, घोड्याला तुमची भीती कळते म्हणून अजिबात भ्यायचं नाही, बुजरा घोडा रोज एकटाच बाहेर काढायचा, ज्याला बुजतो त्या वस्तूपाशी नेऊन हुंगायलाच लावायचं, नाही गेला तर चाबूक, आणि काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही कारण उतरलात की घोडा जिंकला. शेवटी चंदी (घोड्याचा दाणा) तोडून दमवायचा सल्ला, आणि दहा दिवसात घोडा सरळ होण्याची गॅरंटी. सारंगखेड्याच्या यात्रेतून पहिला घोडा घेऊन आलेली पोरं असलं वाचून थेट रस्त्याला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

‘घोड्याला भीती कळते, म्हणून भिऊ नका.’ यातलं अर्धं खरंय. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग आहे. माणसांना घोडा हातात धरून किंवा वर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितलं, आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं की आता तुम्ही जवळून जाताना आमचा माणूस छत्री उघडणार. छत्री कुणी उघडलीच नाही, तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. म्हणजे कळतं, नक्की कळतं. पण मग ‘भिऊ नका’ हा उपाय कसा झाला? भीती सांगून जात नाही. ती घोड्यापर्यंत पोचते तुमच्या अंगातून, श्वास अडकतो, मांड्या आवळतात, लगाम नकळत आखूड होतो, आणि खालच्या जनावराला वाटतं वरच्यालाही पुढे काहीतरी दिसलंय. म्हणून अंगाला काम द्यायचं. श्वास लांब सोडा, नजर घोड्याच्या कानांवरून काढून लांबच्या झाडावर न्या, टाचा खाली, घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा बांधून त्यात दोन बोटं अडकवा म्हणजे दचकल्यावर तोल सावरायला लगाम ओढला जात नाही. आणि मोठ्याने गा, अभंग लावणी काहीही, कारण गाताना श्वास रोखून धरता येत नाही. शिवाय भीती कधीकधी बरोबरच असते. वारा सुटलाय, घोडा तबेल्यातून निघतानाच मान वर करून चाललाय आणि तुमच्या पोटात गोळा आलाय, तर त्या दिवशी अंगणातच काम करा.

‘बुजणं म्हणजे नाटक, रोजचाच रस्ता असून बुजतो.’ नाटक नाही हो. घोडा शिकार होणारं जनावर आहे, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ सगळं गोल त्याला दिसतं पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून तो नीट बघायला मान वर-खाली करतो आणि आपण नेमकी तेव्हाच ती लगामाने आवळून धरतो! जाताना मोरीवरचं सिमेंटचं रिकामं पोतं उजवीकडून बघितलेलं असतं, येताना ते डावीकडून दिसतं, तेव्हा ते त्याच्यासाठी नवीनच असू शकतं. आणि कालपर्यंत शांत असलेला घोडा अचानक बुजायला लागला तर आधी पाठ, दात, डोळे, नाल आणि खोगिराचं फिटिंग तपासा, डॉक्टरला दाखवा. दुखणाऱ्या पाठीवर ट्रेनिंग चालत नाही.

आता चाबकाचा मुद्दा, मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. फडफडणाऱ्या फ्लेक्सपाशी घोडा थांबला आणि तिथंच दोन फटके बसले, तर घोडा काय शिकला? फ्लेक्स दिसला की दुखतं, एवढंच. पुढच्या वेळी तो आणखी लांबूनच वळेल. काही घोडे मार खाऊन निमूट उभे राहतात आणि मालक म्हणतो बघा सुधारला, पण थिजून उभा राहणं म्हणजे शांत होणं नव्हे, असा घोडा कधी उधळेल सांगता येत नाही. डेन्मार्कमध्ये यान्ने विन्थर क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तरुण घोड्यांना भीतीदायक वस्तूची सवय लावायच्या वेगवेगळ्या पद्धती ताडून बघितल्या, त्यात टप्प्याटप्प्याने सवय लावलेल्या घोड्यांचं सगळ्यात चांगलं जमलं.

टप्पा म्हणजे काय, तर बुजण्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद ओळखायचे. दोन्ही कान एकाच ठिकाणी रोखले जातात, मान चढते, तोंडातलं कडियाळ (लगामाचा लोखंडी तुकडा) चघळणं थांबतं, खोगिराखाली पाठ कडक होते, पावलं आखूड पडतात. तिथं थांबा, पुढे नाही. बघू द्या. मान खाली आली, फुरफुरला, पुन्हा तोंड हलायला लागलं की शाबासकी देऊन थोडं लांबून वळसा घालून पुढे जा, हुंगायलाच पाहिजे असं काही नाही. उसाच्या ट्रॉलीसारखी हलणारी वस्तू असेल तर समोरून अंगावर येऊ देण्यापेक्षा शेतात बाजूला घेऊन पुढे जाऊ द्या आणि मग लांबून तिच्या मागे चाला. पळून जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती कमी आणि उत्सुकता जास्त वाटते.

‘सोबत दिलीत तर सोबतीचीच सवय लागते.’ कळपातल्या जनावराला एकटेपणा आधी शिकवावा लागतो, आणि तो शिकवायची सुरुवात सोबतीतच होते. त्याच क्रिस्टेन्सन यांच्या २००८ च्या अभ्यासात शांत, सरावलेल्या घोड्यासोबत असलेले नवखे घोडे कमी घाबरले, आणि नंतर एकट्याने तीच गोष्ट बघतानाही कमी घाबरले. म्हणजे सोबतीत शिकलेलं वाया जात नाही. आमच्या शेजारच्या पागेतली एक काठेवाडी घोडी तिच्या जोडीदाराशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हती. आधी तिला जुन्या घोड्याच्या मागे चालवलं, मग शेजारी, मग पुढे. मग एका फाट्यावर दोघं वेगळे व्हायचे, विहिरीला वळसा घालून लगेच पुन्हा भेटायचे. हळूहळू तो वळसा मोठा करत नेला. मधल्या काळात मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) तिला एकटीला, खोगीर न घालता, नुसत्या दोरीवर फिरवून आणायचा, रस्त्यात चरू द्यायचा. नंतर सोबतीला घोडा नाही, सायकलवर माणूस. असं करत ती एकटी जायला लागली. यात एक गोष्ट फार महत्त्वाची, घोडा बिथरायच्या आधी परत फिरायचं. बिथरल्यावर दर वेळी घरी आणलंत तर बिथरलं की घर मिळतं हे तो शिकतो. आणि जमेल तिथं गोल रस्ता निवडा, जाऊन त्याच वाटेने परत फिरण्यापेक्षा गोल रस्त्यावर घराच्या ओढीचा त्रास कमी होतो.

‘उतरलात तर घोडा जिंकला.’ घोडा असा हिशोब ठेवत नाही. मान चढलीय, अजून ऐकतोय, जमीन सपाट आहे, तर उतरा, त्याच्या खांद्याशी चाला (समोर उभं राहू नका, उडी मारली तर तुमच्यावरच येईल), वस्तू पार करा आणि पुढच्या बांधावरून परत बसा. मात्र घोडा गरागरा फिरायला किंवा मागच्या पायांवर उठायला लागल्यावर उतरणं धोक्याचं, म्हणून निर्णय लवकर घ्यायचा. एका लगामाने मान वळवून थांबवायचं आधी घरच्या मैदानात चालीवर आणि दुडकीवर घोटून घ्या. भरधाव घोड्यावर डांबरी रस्त्यावर तो लगाम झटक्याने ओढलात तर घोडा तुमच्यासकट आडवा होईल. डोक्यावर पट्टा लावलेलं रायडिंगचं हेल्मेट, फेटा नाही. मोबाईल खोगिराच्या पिशवीत नको, अंगावर ठेवा, कारण घोडा पळाला तर मोबाईलही त्याच्याबरोबर जातो. आणि कुठल्या वाटेने जाताय ते घरी सांगून निघा.

चंदीबद्दल एवढंच की काम नसताना भरपूर दाणा दिला तर घोड्याच्या अंगात नको इतका जोर येतो हे खरंय, तेव्हा दाणा कामाच्या हिशोबाने द्या. पण वैरण तोडू नका, घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं आणि रिकाम्या पोटी अल्सर होतात. पळवून दमवलेला घोडा अडखळतो, आणि रोज पळवलात तर दमायचाच बंद होतो.

राहिली दहा दिवसांची गॅरंटी. दिवस मोजूच नका, घोड्याकडे बघा. तोच रस्ता जाताना आणि येताना सैल लगामावर, मान खाली ठेवून चालला की त्या रस्त्याला पुढचा एक फाटा जोडा, नाही चालला तर मागच्या टप्प्यावर या. काही घोडे सोबतीनेच खूश असतात, त्यांना सोबतीनेच फिरवा.