आतून प्लास्टिक ताणलं की ओल जाते म्हणे! गोव्यात उलट होतं, कसं ते सांगतो

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, मला चार ग्रुपवर आला, त्यातल्या एकावर तर दोनदा. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कुबट वास मारतो, तर भिंतीला आतून इन्सुलेशन लावा, त्याच्यावर खोलीच्या बाजूने जाड प्लास्टिकची शीट ताणा आणि वर बोर्ड मारा. वाफ अडली की ओल संपली. अमेरिका-कॅनडात हे बांधकामाच्या कोडमध्येच, म्हणजे नियमावलीतच, सक्तीचं आहे, आपल्याकडचे इंजिनिअर सांगत नाहीत. एसीचं बिलही कमी होतं. आणि शेवटी, "भिंत श्वास घेते" हा जुन्या मेस्तांचा भ्रम आहे.

मी फोंड्याला राहतो, बांधकामाच्याच लाइनीत आहे, आणि एरवी फॉरवर्ड वाचून सोडून देतो. हा सोडवत नाही कारण डिचोलीला माझ्या आत्येच्या बेडरूममध्ये नेमकं हेच काम एका कंत्राटदाराने गेल्या मे महिन्यात करून दिलं आणि चवथीच्या आधी ते मी माझ्या हाताने उघडलं.

आधी कोडचं बघू, कारण त्याच एका वाक्यावर लोक विश्वास ठेवतायत. अमेरिकेत घरांसाठी जो मॉडेल कोड आहे, इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, त्यात वाफ अडवणाऱ्या थरांचे तीन वर्ग केलेत, थरातून किती वाफ आरपार जाते ते मोजायचं एकक पर्म. ०.१ पर्मपर्यंत पहिला वर्ग, म्हणजे जवळजवळ काहीच आरपार जात नाही, प्लास्टिकची शीट यात येते. ०.१ ते १ दुसरा, १ ते १० तिसरा, साधा इमल्शन रंग या तिसऱ्यात. आता कोड काय म्हणतो? देशाचे हवामानाप्रमाणे झोन पाडलेत आणि आतल्या बाजूने पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा थर मागितलाय तो थंड झोनमध्ये, म्हणजे ५ पासून ८ पर्यंत आणि ४ मधला समुद्राकाठचा भाग. झोन १ आणि २, म्हणजे मायामी, ह्यूस्टन अशी गरम दमट गावं, तिथे २०२१ च्या आवृत्तीतल्या तक्त्यात आतल्या बाजूला पहिला आणि दुसरा वर्ग चालत नाही असं सरळ लिहिलंय, चालतो तो फक्त तिसरा! वर्षभराची सरासरी धरली तर आपण मायामीपेक्षाही गरम. म्हणजे ज्या कोडचं नाव घेऊन प्लास्टिक विकलं जातंय तोच कोड आपल्यासारख्या हवेत ते लावू नका म्हणतो. शिवाय तो नियम लाकडी नाहीतर पत्र्याच्या चौकटीच्या भिंतींसाठी आहे, पावसात चिंब होणाऱ्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीसाठी नाही.

थंड देशात तो नियम आला कसा तेही समजून घ्या, मग सगळं आपोआप लागतं. तिकडे जेव्हा लाकडी घरांत इन्सुलेशन भरायला सुरुवात झाली तेव्हा बाहेरचा रंग सुटायला लागला, रंगारी म्हणायचे इन्सुलेशनवालं घर आम्हाला नको. १९३०च्या दशकाच्या शेवटी मिनेसोटात फ्रँक राउली या प्राध्यापकाने यावर काम केलं. हिवाळ्यात घरात २१ अंश, बाहेर उणे दहा, घरातली वाफ भिंतीतून बाहेर जाते आणि वाटेत थंड लाकडावर तिचं पाणी होतं. म्हणून वाफ जिथून निघते त्या उबदार बाजूला, म्हणजे आतून, तिला अडवायचं. नियम "आतून लावा" असा नाहीच, नियम "उबदार, दमट बाजूने लावा" असा आहे. तिकडे ती बाजू आत येते एवढंच.

आता आपल्याकडची जुलैची दमट दुपार घ्या. बाहेर ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. आत एसी २४ वर, आर्द्रता ५५ टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. दुपटीहून जास्त फरक, आणि वाफ जाणार जास्तीकडून कमीकडे, म्हणजे बाहेरून आत. त्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश, म्हणजे २७ पेक्षा गार कुठलीही वस्तू तिला लागली की तिथे पाणी सुटणार. आणि तुमची प्लास्टिकची शीट एसीमुळे २४-२५ वर. म्हणजे वाफ भिंतीतून येते, इन्सुलेशनमधून येते, शीटला थडकते आणि तिथेच पाणी होऊन बसते. त्यात पाऊस थांबून दोन तास कडक ऊन पडलं तर आणखी वाईट, ओली भिंत ४० अंशांपर्यंत तापते तेव्हा तिच्यातल्या वाफेचा दाब त्या एसीच्या खोलीतल्या दाबाच्या चारपटीहून जास्त होतो आणि ती सगळी आतच ढकलली जाते.

आत्येच्या खोलीत हेच झालं होतं. पश्चिमेची भिंत, चिऱ्याची, बाहेर सिमेंटचा गिलावा आणि त्याला केसासारख्या भेगा, आतून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन, त्यावर प्लास्टिक, त्यावर प्लायवूड आणि लॅमिनेट. दिसायला एकदम हॉटेलसारखं. ऑगस्टमध्ये आत्ये म्हणाली, "अरे, कपाटातल्या साड्यांना वास येतोय, भिंत तर कोरडी दिसते." स्कर्टिंगजवळ प्लाय थोडा फुगला होता. एक पॅनेल काढला तर स्क्रूची डोकी गंजून लाल झालेली, शीटची खोलीकडची बाजू कोरडी ठणठणीत, आणि भिंतीकडच्या बाजूवर थेंबच थेंब, बोट फिरवलं तर मनगटापर्यंत ओघळ आला. ग्लासवूल खालच्या हातभर उंचीत भिजून बसलेलं, पिळलं तर पाणी निथळत होतं. चौकटीच्या लाकडावर काळी बुरशी. आत्ये दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, नुसती साड्या उचलून दुसऱ्या खोलीत न्यायला लागली. पन्नास वर्षांत त्या भिंतीला ओल येत होती आणि दिवाळीपर्यंत सुकत होती, आता पहिल्याच पावसात तिची सुकायची वाटच बंद करून टाकलेली.

आणि हे काही नवीन नाही. अमेरिकेच्या दक्षिणेच्या दमट किनाऱ्यावर एसी हॉटेलांमध्ये आतून व्हिनाइलचा वॉलपेपर लावायचे, तोही वाफ अडवणाराच, त्याच्यामागे अशीच बुरशी धरायची, गुलाबी डाग वर यायचे. आपल्याकडे आता फ्लॅटमध्ये तसलेच वॉलपेपर बाहेरच्या भिंतीला लावतायत, ते बघून मला खरंच काळजी वाटते.

पटत नसेल तर घरातल्या एसीच्या तांब्याच्या पाइपवरची ती काळी रबरी नळी बघा. पाइप थंड, बाहेरची हवा दमट, म्हणून वाफ न शिरणारं आवरण पाइपच्या बाहेरून असतं. त्याची टेप कुठे सुटली की तिथूनच टपटप सुरू होते. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्येही वाफेचा अडसर इन्सुलेशनच्या बाहेरच्या, गरम बाजूलाच घालतात. एसीची खोली म्हणजे सौम्य कोल्ड स्टोरेजच की.

"वाफ अडली की ओल संपली" हे तर मुळातच चूक. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंत ओली होते ती आधी त्या पावसाने, गिलाव्याच्या भेगांतून, खिडकीच्या कडेने, छज्जाच्या खालच्या कडेला ड्रिप, म्हणजे पाणी तोडणारी खाच, नसल्याने, पायातून वर चढणाऱ्या ओलीने. नुसती मुरत येणारी वाफ या रांगेत शेवटची. तिच्या आधी हवेबरोबर फटीतून येणारी वाफ. थंड प्रदेशासाठी केलेला एक गाजलेला हिशोब आहे, एका हिवाळ्यात ४ बाय ८ फुटांच्या अख्ख्या जिप्सम बोर्डातून मुरून जाणारं पाणी लिटरच्या एक तृतीयांशाएवढं, आणि त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचं भोक असेल तर हवेबरोबर जाणारं ३० लिटरच्या जवळपास. आकडे तिकडचे, पण प्रमाण लक्षात घ्या. शीट लावून वर स्विचबोर्डासाठी भोकं पाडली तर काय राहिलं?

बिलाचं फार लांबवत नाही. इन्सुलेशनने उष्णता कमी येते हे खरं, पण ती अडते ग्लासवूलने, प्लास्टिकचा त्यात हात नाही, आणि भिजलेलं ग्लासवूल तेही काम करत नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी स्लॅबकडे बघा. आपला स्वतःचा घरांचा एनर्जी कोड आहे, इको निवास संहिता, २०१८ चा. तो भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालतो, आणि उष्ण-दमट भागात घराच्या कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के उघडणाऱ्या खिडक्या मागतो, कोरड्या उष्ण भागात तेच १० टक्के. म्हणजे आपल्या हवेत हवा खेळती राहणं किती महत्त्वाचं ते कोड करणाऱ्यांना माहीत आहे.

राहिले मेस्त. "भिंत श्वास घेते" म्हणजे ती हवा ओढते असं कुठला मेस्त म्हणत नाही, म्हणायचं असतं की ओल आली तशी निघून जाते. चिरा सच्छिद्र, चुन्याचा गिलावा वाफ जाऊ देतो, म्हणून भिजलेली भिंत पाऊस सरल्यावर दोन्ही बाजूंनी सुकायची. आणि ते फक्त चुन्यावर विसंबून नव्हते, पागोळी भिंतीपासून लांब पडेल अशी कौलांची वळचण, पुढे बलकांव म्हणजे छपराखालची ओसरी, पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतीला मे महिन्यात बांधलेली माडाच्या झावळ्यांची चुडतं, आणि पाऊस गेल्यावर पुन्हा चुना. पाऊस बाहेर अडवा, वाफेला वाट ठेवा, इतका साधा हिशोब. चुन्यावर प्लास्टिकसारखा रंग चढवला की पोपडे आणि लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, सुरू, हे सगळ्यांनी पाहिलेलंच आहे.

फॉरवर्डमधलं एक मात्र चुकीचं नाही, प्लास्टिक कामाचं आहे, फक्त जागा वेगळी. तळमजल्याच्या कोब्याखाली जाड शीट जरूर घाला, तिथे ओल जमिनीतून येते आणि ती खालीच अडवायची असते. भिंतीला इन्सुलेशन हवंच असेल तर बाहेरून करा, त्याच्यावर पाऊस झेलणारा थर, आणि आतून साधा रंग किंवा चुना, बस.

आत्येकडे आम्ही सगळं पॅनेलिंग काढलं, ग्लासवूल फेकलं. पाऊस ओसरल्यावर बाहेरच्या भेगा भरल्या, खिडकीवर छज्जा वाढवून खाली ड्रिपची खाच काढली, एसी १८ वरून २६ वर आणला आणि खिडकीच्या फटी बुजवल्या. भिंत सुकायला जानेवारी उजाडला, घाई केली नाही. मग आतून चुना मारला. कपाट आता त्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंय, साड्या परत त्यात गेल्यात.